बिनतोटीची ऊब

कॅरोबेग, एरिस, काउंटी मेयो, आयर्लंड
१४ सप्टेंबर १९७८

प्रिय विल्फ्रेड भावोजी,

घरी आलेल्या वस्तू अशा. रॉकेलवर चालणारी बिडाची चूल, पोटात पाण्याचा बंब असलेली, सायीच्या रंगाची, एका झाकणाचा टवका उडालेला, एकशे चाळीस पौंड. तेलाची टाकी नवी, पंचावन्न. खोल्या तापवायचे रेडिएटर तीन, बंद पडलेल्या शाळेतले, मिळून बारा. चौथा दुकानातला, एकोणीस. तांब्याच्या नळ्या, जाड आणि बारीक, एकतीस. पाणी फिरवायचा विजेचा पंप, बावीस. माळ्यावर ठेवायची पाण्याची टाकी प्लॅस्टिकची, आठ. गाडीभाडं सहा. गाडीवाल्याने आमच्याकडे जेवून दोनदा बटाटे मागून घेतले, ते मी धरलेले नाहीत. एकूण दोनशे त्र्याण्णव. फेस्टसला, नवरा असला तरी, हा आकडा मी एकदम सांगितलेला नाही, थोडा थोडा सांगते आहे.

चूल फादरांच्या घरातली आहे. त्यांनी नवी घेतली. फेस्टस म्हणतो, "चला, निदान ही चूल तरी रोज फादरांची मिसा-प्रार्थना ऐकत आली आहे."

तुम्ही विचाराल, बॉगच्या दलदलीतली जळाऊ माती, टर्फ, फुकट असताना रॉकेल कशाला. भावोजी, फेस्टसची पाठ गेली. या उन्हाळ्यात टर्फ कापायला वाकला तो चौघांनी उचलून आणला. आणि दुसरं कारण सासूबाई. सबीनाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. जुलैत छातीत पाणी झालं, तेव्हापासून काउंटी होममध्ये, सरकारी वृद्धाश्रमात, आहेत. डॉक्टर म्हणाले, त्यांची खोली रात्रंदिवस सारखी उबदार राहणार असेल तरच घरी न्या, नाहीतर हिवाळा इथेच. तिथे हिवाळा काढायला राहिलेलं म्हातारं माणूस वसंतात घरी आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मी भेटायला जाते तेव्हा त्या पिशवी भरून पलंगावर बसलेल्या असतात. मी निघाले की पिशवी पुन्हा रिकामी करतात. तिथल्या मुख्य नन, मदर सुपिरियर, म्हणाल्या, डिसेंबरच्या मध्यापर्यंत काय ते कळवा.

फेस्टसचा चुलतभाऊ जार्लाथ नळ्या जोडून देईल. गावच्या पाणीयोजनेचं काम त्याने केलं आहे, पण अशी चूल त्याने कधी जोडलेली नाही. दुकानदार म्हणाला, "उष्णता फेकायचा एक वेगळा फेरा लागतो हं, नाहीतर धोका." म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना. तुम्ही चाळीस वर्षं हेच काम केलंत. माझ्या बहिणीने कॅथलिक घरातून तुमच्यासारख्या मेथडिस्ट माणसाशी लग्न केलं तेव्हा आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, त्याची भरपाई म्हणून तरी एवढं सांगा. आणि एक विचारते. पैसे देऊन उष्णता तयार करायची आणि मग ती फेकायची, हे पाप नाही का?

तुमची
अट्रॅक्टा


स्किप्टन, यॉर्कशर
२३ सप्टेंबर १९७८

प्रिय अट्रॅक्टा,

आधी पापाचा प्रश्न निकालात काढतो. पाप नाही, विमा आहे.

तुझी चूल विजेवर पेटत नाही. तिच्यात तेल थेंबथेंब उतरतं आणि जळतं. बंबातलं गरम पाणी खोल्यांमध्ये फिरवतो तो पंप मात्र विजेवर चालतो. पंप म्हणजे पगारी नोकर. वीज गेली की टोपी घालून घरी जातो. आग घरी जात नाही. ती तिथेच बसून बंब तापवत राहते, आणि पाण्याला जायला जागा नसली की ते उकळतं. उकळलेलं पाणी कुठे जाईल ते पाण्याला विचारून ठरत नाही.

म्हणून एक रेडिएटर असा हवा की ज्याच्याकडे पाणी पंपाशिवाय, आपल्या पायांनी जाईल. गरम पाणी हलकं, ते वर चढतं. थंड झालं की जड होऊन खाली येतं. एवढंच त्याला कळतं, पण ते कधीच विसरत नाही. नळी इंचभर जाडीची घे. बंबापासून निघाली की चढतीच राहू दे, बोटभरसुद्धा उतार नको. परतीची नळी उतरतीच. आणि हा रेडिएटर वर हवा, चुलीच्या वर. तुमच्याकडे वरची खोली आहे ना?

दुसरं महत्त्वाचं. या रेडिएटरला तोटी बसवायची नाही. इकडे नाही, तिकडे नाही, छोटीसुद्धा नाही. तोटी असली की कधीतरी कुणीतरी ती बंद करणार. तुला तीस वर्षं ओळखतो म्हणून सांगतो, ते कुणीतरी तूच असशील.

बंबातून एक उघड्या तोंडाची नळी सरळ माळ्यावरच्या टाकीवर नेऊन वाकवा. तिचं तोंड कधी बंद करायचं नाही. चित्र सोबत आहे. जार्लाथला म्हणावं, बाण आहेत तसेच पाळ.

आरडाओरडा मला आठवतो. तुझी आई ताटं आपटत होती आणि तू एकटी मला चहा ओतत होतीस. माझी डिंफ्ना ते शेवटपर्यंत सांगायची.

पत्रच लिहीत जा. बॉयलरच्या कारखान्याने माझे कान खाल्ले, फोनवर मला फक्त समुद्र ऐकू येतो.

तुझा
विल्फ्रेड


कॅरोबेग
५ ऑक्टोबर १९७८

प्रिय भावोजी,

देवाने तुमच्या हातून लिहून घेतलं असं मी म्हणते. तुम्हाला ते पटणार नाही, पण ऐकून घ्या. आमच्याकडे चुलीच्या वरची खोली आहे, आणि ती सासूबाईंचीच आहे! लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांची सासू त्या खोलीत होती, आता त्या आहेत, उद्या मी. म्हणजे ज्या रेडिएटरला तोटी नाही, जो कधीच गार पडत नाही, तोच त्यांच्या उशाला. फेकायचीच आहे ऊब, तर ती सासूबाईंच्या अंगावर फेकू. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि तुम्ही सांगितलेलं एकाच नळीत बसलं. शिवाय काही वायाही जात नाही. मी त्या रात्री नीट झोपले.

तोटीचं मला पटायला दोन दिवस लागले. फेस्टसने पटवलं. आमच्या स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, तिच्यापुढे तांबडा दिवा आहे. गावात वीज आली त्या वर्षी तारवाल्यांनी घरोघरी तो बसवून दिला, आणि त्याला बटण ठेवलं नाही. बटण असतं तर कुणीतरी विझवला असता. फेस्टस म्हणाला, "अगं, बावीस वर्षं तो दिवा जळतोय, त्याच्या विजेचा हिशेब कधी मांडलास?" मी म्हटलं, "तो देवाचा आहे." तो म्हणाला, "मग हा आईचा." मी हिशेबाची वही मिटली.

जार्लाथने तुमचं चित्र टेबलावर पसरलं. म्हणतो, "या इंग्रजाने नळीला एवढे बाण मारलेत, ही नळी आहे की हरीण?" पण त्याला सगळं कळलं. कागद घराच्या दिशेने फिरवून घेतला आणि बोट ठेवून सांगितलं, ही चूल, ही वरची खोली, भिंतीला इथे भोक पाडायचं. भिंत दोन फूट जाड आहे.

तुम्ही पेन्सिलीने का लिहिता हल्ली? पेन मोडलं असेल तर डिंफ्नाचं तुमच्याकडे आहे ना, हिरव्या टोपणाचं?

तुमची
अट्रॅक्टा


स्किप्टन
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय अट्रॅक्टा,

वरची खोली असेल तर प्रश्नच मिटला. सबीनाबाईंच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांग.

काम झालं की तपासणी अशी. चूल आदल्या दिवशी विझवून सगळं गार होऊ दे. मग पंपाची पिन भिंतीतून काढ, ती खिशात टाक, आणि चूल पेटव. अर्ध्या तासात तो बिनतोटीचा रेडिएटर हाताला पोळला पाहिजे. पोळला तर सुखाने झोपा. नाही पोळला तर आग लगेच बंद, आणि मला कळव.

पेन्सिलीचं एवढं काही नाही. शाई गोठते की काय असं वाटतं, म्हणून. विनोद केला. माझं बरं चाललं आहे. एकटा माणूस, त्याला ऊब ती किती लागणार?

तुझा
विल्फ्रेड


कॅरोबेग
१६ नोव्हेंबर १९७८

प्रिय भावोजी,

झालं एकदाचं! जार्लाथने पाच दिवस घेतले, त्यातले दोन त्या भिंतीत गेले. जाड नळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे, दर यार्डाला अर्धा इंच चढ देऊन. तोटी कुठेही नाही, मी स्वतः हात फिरवून पाहिलं. फादर येऊन चुलीवर पवित्र पाणी शिंपडून गेले. जुन्या ओळखीने तिच्याकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे असताना हिने एकदाही पाव नीट भाजला नाही." माझ्याकडे पहिल्याच दिवशी सोडा ब्रेड असा फुगला की फेस्टस म्हणाला, चुलीलाही बाईचा हात कळतो.

तपासणीही केली. चूल सकाळपासून छान पेटलेली होती, ती विझवून पुन्हा पेटवायची म्हणजे तेवढं तेल फुकट, म्हणून तशीच चालू ठेवली. पंपाची पिन काढून सासूबाईंच्या खोलीत गुडघे टेकून जपमाळ घेतली. पूर्ण जपमाळ झाल्यावर रेडिएटरला हात लावला. मस्त गरम. देवाचे आणि तुमचे आभार मानून पिन परत लावली.

सासूबाई ७ डिसेंबरला येतात. त्यांच्या गुडघ्यांची तुम्ही चौकशी केलीत ते मी त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "सत्तर वर्षं जपमाळेला टेकलेत, पण अजून कुणी त्यांना नमस्कार केला नव्हता. माणूस बरा दिसतो." डॉक्टरांची ताकीद आहे, सपाट जमिनीवर काठी घेऊन चालायचं, एक पायरीसुद्धा चढायची नाही. पण त्या म्हणतात, "खुर्चीत घालून नेऊ नका. माझ्या वरच्या खोलीत मी माझ्या पायांनीच जाणार." चुलीजवळ त्यांची खुर्ची मांडून ठेवली आहे, दिवसा तिथे बसतील.

तुमच्या पत्राची वाट पाहते.

अट्रॅक्टा


(तार)
२५ नोव्हेंबर १९७८

चूल ताबडतोब विझव. पेटवू नको. पत्र मागून. विल्फ्रेड


स्किप्टन
२५ नोव्हेंबर १९७८

अट्रॅक्टा,

तुझं पत्र आज सकाळी वाचलं. सोडा ब्रेडवर हसलो, फादरांवर हसलो, आणि शेवटच्या ओळींवर येऊन माझा चहा गार झाला.

बाईंना एक पायरी चढायची नाही, आणि त्या आपल्या पायांनी वरच्या खोलीत जाणार? जिना कुठे आहे, अट्रॅक्टा? तुझ्या तीन पत्रांत मी कुठेही जिना वाचलेला नाही.

मी तुझं माहेर पाहिलं आहे, बॅलिनातल्या दुकानावरचं, तिथे तीन मजले होते. फेस्टसचं घर मी कधी पाहिलेलं नाही. तुमची वरची खोली नेमकी कशाच्या वर आहे?

आणि तपासणी! मी गार चुलीपासून सुरू कर म्हटलं होतं. तापलेला रेडिएटर तर पंप बंद करूनही तासभर गरम राहतो. तुझ्या जपमाळेने फक्त एवढंच सिद्ध केलं की बीड लवकर गार होत नाही.

तार केली आहे. उत्तर येईपर्यंत चूल पेटवू नकोस.

विल्फ्रेड


कॅरोबेग
३० नोव्हेंबर १९७८

प्रिय भावोजी,

आम्ही सगळे धडधाकट आहोत, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

जिना नाही. आमच्या घराला वरचा मजलाच नाही, भावोजी. या भागात चुलीच्या भिंतीमागे जी खोली असते तिला वरची खोली म्हणतात, आणि गोठ्याच्या बाजूच्या खोलीला खालची. सगळी एकाच सपाट जमिनीवर. लग्न होऊन आल्यापासून आम्ही "वर जाते, खाली जाते" असंच म्हणतो. तुम्ही चुलीच्या वर म्हटलंत, आणि मला वाटलं, किती नेमकं आमच्या बोलीत लिहिलंय इंग्रज माणसाने! जार्लाथनेही चित्र टेबलावर आडवं पाहिलं, तुम्ही ते उभं काढलं होतं. तो आता म्हणतो, "बाणाच्या टोकाला ढग काढला असता तर कळलं असतं."

रविवारी दुपारी, चर्चमधल्या मिसाहून येऊन जेवणं झाली होती. वारा सकाळपासूनच पिसाळलेला होता. मी भांडी पुसत होते. तसबिरीपुढचा तांबडा दिवा विझला. बावीस वर्षांत तो दिवा विझला की आम्ही एवढंच म्हणतो, वीज गेली. मी मेणबत्ती शोधायला उठले आणि मध्येच थांबले. तुमचं वाक्य आठवलं, पगारी नोकर टोपी घालून घरी गेला.

फेस्टसला म्हटलं, "वरच्या खोलीत जाऊन रेडिएटरला हात लाव."

तो म्हणाला, "कोमट आहे."

थोड्या वेळाने पुन्हा पाठवलं. म्हणाला, "गारच होत चाललाय. बरं झालं ना? तेल वाचलं."

तेवढ्यात चुलीच्या पोटातून ठोका आला. हातोड्याने लोखंड ठोकावं तसा. मग दुसरा. मग ठोक्यांना खंडच राहिला नाही. माळ्यावर खळखळ सुरू झाली, फटींमधून वाफ खाली उतरू लागली. फेस्टस दुखऱ्या पाठीने बाहेर पळाला आणि टाकीजवळची तेलाची तोटी बंद केली. आग विझली, पण ठोके शांत व्हायला खूप वेळ लागला. तोवर आम्ही दोघं अंगणात वाऱ्यात उभे. मी जपमाळ म्हणत होते, तो शिव्या देत होता, दोन्ही एकाच लयीत.

नंतर शिडीवर चढून पाहिलं. प्लॅस्टिकची टाकी उकळत्या पाण्याने मऊ पडून मेणासारखी लोंबली होती. फुटली नाही एवढंच. ती बरोबर सासूबाईंच्या खुर्चीवर लोंबत होती. ज्या खुर्चीवर मी नवी उशी शिवून ठेवली होती, ती.

भावोजी, तोटी मी बसवली नाही, पण वाचवलेल्या पेलाभर तेलापायी तपासणी चुकवली. तुम्ही आठ शब्दांत सांगितलं होतं, गार चुलीपासून. मी तुम्हाला लिहिलं तेव्हा ते अभिमानाने लिहिलं. कन्फेशनला जाऊन सांगितलं. फादर म्हणाले, "काटकसर हा सद्गुण आहे, पण माझी चूल पुन्हा नीट जोड." पापक्षालन म्हणून तुम्हाला खरं काय ते लिहायला सांगितलं, ते हे लिहिते आहे.

सोमवारी सकाळी मी फरशी पुसत असताना टपालवाला दारात आला आणि त्याने टोपी काढली. हातात तार. आमच्याकडे तार एकाच कारणासाठी येते. मला वाटलं, विल्फ्रेड गेला. मी तशीच ओल्या फरशीवर बसले. फेस्टसने वाचून दाखवली, "चूल विझव." मी हसले की रडले ते फेस्टसला विचारा. तो म्हणतो दोन्ही.

आता चूल गार आहे. जेवण शेजारी शिजतं. सासूबाईंना ७ तारखेला आणता येणार नाही असं कळवलं. मदर सुपिरियर म्हणाल्या, १५ पर्यंत थांबते, त्यानंतर हिवाळ्याच्या यादीत त्यांचं नाव घालावं लागेल. माझ्यासमोरच सासूबाईंनी पिशवी रिकामी केली.

सांगा, ज्या घराला वरच नाही, तिथे पाणी चढणार कुठे?

अट्रॅक्टा


स्किप्टन
४ डिसेंबर १९७८

प्रिय अट्रॅक्टा,

चूक माझी आहे. चाळीस वर्षं मी शिकाऊ मुलांना सांगत आलो, घर पाहिल्याशिवाय नळी कापू नका. आणि मी स्वतः समुद्रापलीकडून एका शब्दावर घर उभं केलं. काटकसरीच्या त्या सद्गुणाचा भार तू एकटीने वाहू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट झाली. उघड्या तोंडाची नळी उघडी होती. म्हणून टाकी लोंबली आणि चूल फुटली नाही. जार्लाथला तेवढं श्रेय दे.

तू लिहितेस, शिडीवर चढून माळा पाहिला. म्हणजे वर आहे! किती मोठा आहे? स्वयंपाकघरावर लाकडी तक्तपोशी आहे का, माणूस उभा राहील एवढी? असेल तर बिनतोटीचा रेडिएटर तिथे घ्या. जाड नळी बंबातून सरळ उभी वर, रेडिएटरमध्ये, आणि दुसऱ्या टोकाने उभी खाली. पाण्याला याहून सोपी वाट नाही. नवी टाकी पत्र्याची, प्लॅस्टिकची नको, आणि ती रेडिएटरहूनही उंच, आढ्याखाली, भिंतीवर टेकवून. तिच्याखाली कुणाची खुर्ची नको. सबीनाबाईंच्या खोलीतला रेडिएटर आहे तिथेच राहू दे, तो पंपावर चालेल. वीज गेली तर काही तास गार पडेल, तेव्हा त्यांच्या कुशीत गरम पाण्याची बाटली. चूल तर पेटलेलीच असेल.

माळ्यावरची ऊब वाया जाते म्हणून तू तिच्यावर गोधड्या वाळत घालशील. घालू नकोस. तिला मोकळी राहू दे. ती कुणासाठी नाही असं समज.

या वेळी उभं चित्र काढलं आहे. सगळ्यात वर ढग काढला आहे, जार्लाथसाठी.

अक्षर वाकडं आलंय त्याला माफ कर. हातमोजे घालून नीट लिहिता येत नाही.

विल्फ्रेड


कॅरोबेग
१४ डिसेंबर १९७८

प्रिय भावोजी,

सासूबाई काल घरी आल्या.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. स्वयंपाकघरावर अर्धा माळा आहे, फेस्टस आणि त्याची भावंडं लहानपणी तिथे झोपायची. आता तिथे कांदे आणि मी माहेरून आणलेली डिंफ्नाची ट्रंक होती. माळ्याला आम्ही माळाच म्हणतो, वर कधीच म्हणत नाही, म्हणून मला सुचलं नाही. जार्लाथ रविवारी काम करायला तयार होता, मीच नको म्हटलं. सोमवारी आणि मंगळवारी त्याने नळी उभी केली. ढग पाहून म्हणाला, "आता कसं माणसाने काढल्यासारखं वाटतंय."

मंगळवारी संध्याकाळी तपासणी. चूल गार, फरशी गार, आमचे हात गार. पंपाची पिन मी काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली आणि चूल पेटवली. फेस्टस शिडीच्या तोंडाशी, मी खाली जपमाळ घेऊन. पहिले दहा मणी, काही नाही. दुसरे दहा, तो म्हणाला, "नळी तापतेय." तिसऱ्या दहांच्या मध्येच माळ्यावरून ओरडला, आणि काय ओरडला ते मी प्रार्थनेत होते म्हणून लिहीत नाही. हात पोळला होता. एकाही ठोक्याचा आवाज नाही, भावोजी. पंप नाही, वीज नाही, पाणी आपलं आपण चढतंय आणि आपलं आपण उतरतंय. खाली बसून मी ते ऐकत होते. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, तेच ऐकत होते.

काल सासूबाई काठी टेकत दारातून आल्या, आधी तसबिरीपुढच्या दिव्यासमोर क्रुसाची खूण केली, मग चुलीला हात लावून पाहिला. "फादरांची ना ही? मग हिच्याशी जपून बोलायला हवं." सपाट जमिनीवरून चालत आपल्या वरच्या खोलीत गेल्या. पिशवी उघडली, एकेक वस्तू खणात ठेवली, आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही टाक कुठेतरी. मला आता नको."

खुर्ची दुसऱ्या भिंतीला घेतली आहे. तिथून त्यांना शिडी दिसते. रात्रीचा चहा घेताना विचारलं, "वर कोण राहतं गं, माळ्यावर? छताखाली एवढी ऊब कुणासाठी?"

मी म्हटलं, "कुणासाठीच नाही, सासूबाई. ती उरलेली ऊब आहे. तिला तोटी नाही, बंद करता येत नाही."

"म्हणजे रिकाम्या जागेला ऊब देताय रोज?"

"भावोजी म्हणतात, तसंच हवं."

"कोण, तो माझ्या गुडघ्यांना नमस्कार करणारा? तोच ना, हातमोजे घालून पत्र लिहितो तो?"

पत्र वाचून दाखवताना मला वाटलं होतं, ते वाक्य माझ्या एकटीच्याच लक्षात आलंय. आधी पेन्सिल, मग शाई गोठण्याचा विनोद, मग हातमोजे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं उबदार करणारा माणूस घरात हातमोजे घालून बसतो, भावोजी. डिंफ्नाला कळलं असतं तर तिने तुम्हाला बसू दिलं असतं का?

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात उरलेलं ताट शेजारी देतात. शेजारी नसेल तर बोलावतात. मेथडिस्ट असला म्हणून काय झालं, थंडी त्यालाही वाजतेच."

तर हिशेबाने सांगते, कारण हिशेबच तुम्हाला पटेल. तेल जळतंच आहे. माळा तापतोच आहे. तिथे कुणी झोपलं तर एक थेंबही जास्त जळणार नाही, आणि कुणी झोपलं नाही तर ती ऊब माझ्या जिवाला लागून राहील. कांदे खाली आणले. कॉट ठेवली, रेडिएटरपासून दोन हात लांब, त्याला मोकळं राहू द्यावं म्हणून. ट्रंकेतून डिंफ्नाने लग्नाआधी शिवलेली गोधडी काढून कॉटवर घातली. तुम्ही घर पाहिल्याशिवाय नळी कापू नका म्हणता. मग ही नळी कापून झाली आहे, आता तरी येऊन घर पाहा. जार्लाथला तपासून घ्यायचं आहे, त्याशिवाय त्याला झोप येत नाही असं तो म्हणतो. मला वाटतं त्याला फक्त ढग काढणारा माणूस पाहायचा आहे.

सहा जानेवारीला आमच्याकडे बायकांचा ख्रिसमस असतो. त्या दिवशी आम्ही बसून राहतो आणि पुरुष भांडी घासतात. फेस्टसची पाठ पाहता आम्हाला एक पुरुष कमी पडतो आहे.

शिडीला आठ पायऱ्या आहेत. तुमच्या गुडघ्यांना माझा नमस्कार.

होलीहेड बंदरातून कोणत्या दिवसाच्या बोटीने निघता ते उलट टपाली कळवा, म्हणजे फेस्टस गाडी घेऊन बॅलिनाच्या स्टेशनवर येईल.

तुमची
अट्रॅक्टा